गोड बोलणारे डॉक्टर

"दार लावून घेऊ का?" काकांनी हळूच विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता लावूनही घेतलं.

डॉक्टरांनी काकांच्या दंडाला पट्टा गुंडाळला, फुगवला, आकडा पाहिला. पुन्हा फुगवला. प्रेशर दोनशेच्या वर.

"काका, गोळी घेताय ना रोज?"

"बंद केली की. तुम्हीच सांगितलंत म्हणून."

"मी?"

"मी कानीकपाळी ओरडतेय, डॉक्टरांना एकदा विचारा म्हणून," काकू खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाल्या. "पण घरात माझं ऐकतंय कोण! काल जिन्यात यांना भोवळ आली, कठडा धरला म्हणून वाचले. तेव्हा कुठे यायला तयार झाले."

काकांनी मोबाइल पुढे केला. पडद्यावर डॉक्टर होते. तेच टक्कल, तोच चष्मा, तोच आवाज. "माझ्या लाडक्या रुग्णांनो," ते गालातल्या गालात हसत म्हणत होते, "प्रेशरच्या गोळ्या आजच फेकून द्या आणि माझं हे चूर्ण मागवा." डॉक्टरांनी आजवर सख्ख्या बायकोलाही कधी लाडकी म्हटलं नव्हतं. ते आ वासून स्वतःकडे बघत राहिले.

एरवी हे डॉक्टर म्हणजे जमदग्नीचा अवतार. पण 'तुमच्या धाकाने पेशंट खरं सांगत नाहीत' असं बायकोने बजावल्यापासून ते जिभेवर साखर ठेवायच्या खटपटीत होते.

"काका," ते जमेल तितक्या मऊ आवाजात म्हणाले, "हा मी नाही. हल्ली कॉम्प्युटरवर कुणाचाही चेहरा नि आवाज बनवता येतो. कुणीतरी माझं सोंग घेऊन तुम्हाला फसवलंय. गोळी आजपासून परत सुरू करायची हं."

काकांनी डोळा मारला. "कळलं."

"काय कळलं?"

"व्हिडिओत तुम्हीच सांगितलंय ना. 'दवाखान्यात विचारलंत तर मला नाहीच म्हणावं लागेल, औषध कंपन्यांचा दबाव असतो.' म्हणून तर दार लावलं."

"नाही हो काका, खरंच सांगतो."

काकांनी पुन्हा डोळा मारला. "आणि बोलणंही अगदी तस्संच! मी हिला म्हटलंच होतं, वय झालं की माणूस निवळतो."

काकूंनी रुमालाने डोळे टिपले. "काहीतरी करा हो डॉक्टर. मला हा माणूस हवाय अजून."

डॉक्टरांच्या जिभेवरची साखर तिथेच विरघळली.

"डोकं गहाण ठेवलंय का तुम्ही?" ते टेबलावर हात आपटून ओरडले. "इतकी वर्षं मी कंठशोष करतोय, गोळी चुकवू नका, गोळी चुकवू नका! आणि कोण कुठला भामटा माझं थोबाड लावून येतो, गोड बोलतो, नि तुम्ही निघालात त्याच्या मागे! उद्या अर्धं अंग लुळं पडलं की तो येणार आहे भरवायला? की या माउलीने भरवायचं? उघडा तोंड!"

काकांनी मुकाट्याने तोंड उघडलं. डॉक्टरांनी गोळी ठेवली, काकूंनी ग्लास लावला. गोळी घशाखाली उतरली आणि काकांचा चेहरा उजळला.

"हे आमचे डॉक्टर!" ते काकूंना म्हणाले. "तरीच मला त्या व्हिडिओत चुकल्याचुकल्यासारखं वाटत होतं." त्यांनी खिशातून चूर्णाची हिरवी डबी काढली आणि टेबलावर ठेवली. काकूंना रडता रडताच हसू फुटलं.

"हसताय काय? काका, त्या कॉटवर आडवे व्हा," डॉक्टर गरजले. "पुन्हा प्रेशर मोजून खाली आलेलं दिसल्याशिवाय घरी सोडणार नाही."

काका लगबगीने आडवे झाले.

तेवढ्यात दारावर टकटक झाली. रिसेप्शनवरच्या ताई आत आल्या. त्यांच्या हातात मलमपट्टीचा स्टीलचा ट्रे होता आणि त्यात हिरव्या डब्यांचा ढीग.

"बाहेर सगळं ऐकू गेलं, डॉक्टर," त्या म्हणाल्या. "पेशंट विचारताहेत, एकेकाने आत यायचं, की सगळ्यांवर एकदमच ओरडताय?"