बिननंबरी चिखल्या

"तुमच्या चिखल्यानं माझ्या पाटीत शिटलंय," चांगुणाबाई म्हणाल्या. त्या खाडीत शिवल्या, म्हणजे खायचे शिंपले, वेचायच्या, आणि ही त्यांची पहिलीच तक्रार होती.

हिवाळ्यात हिमालयापलीकडून येणारे खरे चिखल्या पक्षी नामशेष झाले त्याला एकवीस वर्षं झाली होती. चिखलातले किडे टिपणारं कोणीतरी हवं, म्हणून किनाऱ्यावर त्याच रूपाची नि मापाची चाळीस यंत्रं सोडली होती. निनाद त्यांची देखभाल करायचा.

"तेल गळत असेल, मावशी," वर न बघता तो म्हणाला. "पायावरचा नंबर सांगा."

"नंबर नव्हता. पाय नुसतेच होते, काळे, बारीक. पाटीच्या काठावर एका पायावर उभा राहून डुलक्या काढत होता मेला."

यंत्रांना डुलक्या काढायला कोणी शिकवलं नव्हतं. निनादनं हातातल्या पडद्यावर पाहिलं. चाळीसच्या चाळीस यंत्रं कालपासून शेडमध्ये चार्जिंगला लावलेली होती.

"कधी झालं हे?"

"आत्ताच, तुम्ही यायच्या आधी. पण राहू द्या, मीच धुते," म्हणत चांगुणाबाई पाटी घेऊन पाण्याकडे निघाल्या.

"मावशी, थांबा! धुवू नका!" निनाद ओरडला, आणि बुटांसकट गुडघाभर चिखलात शिरला.