तापलेलं दूध
पोहणं, सायकल आणि पळणं अशी शर्यत संपवून दीक्षा रंकाळ्याच्या काठावर बसली, तेव्हा सासूच्या कडेवर तिचं सहा महिन्यांचं लेकरू भुकेनं रडत होतं. “पळून आलीयास. दूध तापलंया. पयलं पिळून टाक,” सासूनं बजावलं. “डॉक्टरांना विचारलंय, आत्या. पळून दूध नासत नाही.” “आन् पोरानं तोंड फिरवलं, तर ही थेरं आजपास्नं बंद!” “कबूल.” लेकरानं तोंड लावलं आणि लगेच फिरवलं. “बघ!” दीक्षाच्या ओठांवर ओघळलेला घाम तिच्या जिभेला लागला. खारट! तिनं ओल्या पंच्यानं छाती पुसली आणि लेकराला पुन्हा जवळ घेतलं. ते गटागटा पिऊ लागलं. “उसात राबून आल्यावर मी रोज दूध मातीत पिळून टाकलं,” सासू पुटपुटली. “तुझा नवरा रडून झोपायचा.” मग तिनं पंचा उचलला. “म्होरच्या शर्यतीला दोन घेऊ.”