विसराळू यंत्र

ऑस्ट्रेलियातल्या पिलबारा भागातल्या खाणीच्या फाटकावर डॅरलने बटण दाबलं आणि सलग तिसऱ्या सकाळी लाल दिवा लागला. लाल म्हणजे दारूच्या तपासणीची नळी फुंकायची. "बाईने डूख धरलाय माझ्यावर," तो रांगेला म्हणाला. "यंत्र डोळे मिटून आकडा काढतं," नळी पुढे करत तपासनीस ट्रिश म्हणाली. "त्याला कालचं काही आठवत नाही." "मग आठवायला शिकव." रांग खिदळली. युनियनने दम भरला, साहेब नमले. नियम बदलला: एकदा लाल लागला की त्या माणसाला आठवडाभर हिरवाच. सोमवारी लाल लागल्यावर डॅरलने मुकाट फुंकलं. मंगळवारी हिरवा लागला. "आता कसं शहाण्यासारखं वागतंय," तो ट्रिशच्या तोंडावर हसला. बिअरचा भपकारा आला. ट्रिशने नळी उचलली. "हिरवा आहे ना? सोड त्याला," रांग गुरगुरली. सगळे खाणीत उतरले, आणि त्यांच्यामागून डॅरलचा दोनशे टनी डंपर निघाला.