पट्टी वाळायच्या आत

नवऱ्याच्या ऑपरेशनआधीच्या तपासणीत एचआयव्हीच्या पट्टीवर दोन रेघा उमटल्या, तसा तो बायकोकडे बघून हसला. "अगं, घाबरतेस काय? याच रोगावरच्या नव्या लशीच्या प्रयोगासाठी मी दंड पुढे केलाय ना! लशीनं रक्तात प्रतिपिंडं तयार केली, चाचणीला वाटलं रोगच आलाय." डॉक्टर म्हणाले, "होतं असं." तिच्या मनात मात्र पाल चुकचुकली. ज्याला स्वतःचे मोजे सापडत नाहीत, त्याचं उत्तर पट्टी वाळायच्या आत तयार? "डॉक्टर, त्या प्रयोगात निम्म्यांना नुसतं मीठपाणी टोचतात ना? ह्यांना काय टोचलं?" "ते टोचून घेणाऱ्यालाही सांगत नाहीत. प्रयोगवाल्यांना विचारावं लागेल." "मग विचारा." "अगं, जाऊ दे ना," नवरा घाईनं म्हणाला. डॉक्टरांनी फोन लावला, बराच वेळ ऐकलं, आणि नवऱ्याकडे न बघता सांगितलं, "मीठपाणी." तिनं नर्ससमोर आपलंही बोट तपासणीसाठी पुढे केलं.