थोरलीचं हवामान

"हेही नको," अपोंडी म्हणाली आणि तिनं फोन लिनेटच्या हातात परत दिला. "हे तिकडं किसुमू शहराचा पाऊस दाखवतं. किसुमूच्या पावसानं माझा मका उगवतो होय?"

लिनेटनं ते अ‍ॅप काढून टाकलं आणि दुसरं शोधायला बसली. मांडीवरचं पोर किरकिरत होतं. आंब्याखाली खुर्ची टाकून बसलेल्या ओबुयाच्या, म्हणजे दोघींच्या नवऱ्याच्या, मिशा रागानं हलत होत्या.

पाऊस कधीच लागला होता. सरोवराकाठची सगळी गावं पेरून मोकळी झाली होती. शेजाऱ्याचा मका तर एवढा वर आला होता की त्यात शेळी शिरली तर नुसती शिंगं चालताना दिसायची. उघडं होतं ते फक्त ओबुयाचं रान. त्या मुलखातला रिवाजच तसा. घरात आधी थोरली बायको बी टाकणार, मग मधली, मग धाकटी. थोरलीच्या आधी कुणी मूठ सोडली तर घराला बाधा होते, लेकरं वाळतात. आणि थोरली अपोंडी म्हणत होती, मुलानं मला एवढा शहाणा फोन पाठवलाय, त्यात चांगलं हवामानाचं अ‍ॅप मिळाल्याशिवाय मी बी वाया घालवायची नाही.

लिनेट धाकटी. तिला घाई होती. मधली अविनो नवऱ्याशी भांडली, भांडीकुंडी उचलून होडीत बसली आणि सरोवरापलीकडं माहेरी निघून गेली होती. ओबुयानं चारचौघांत सांगून टाकलं होतं, पेरणीला जी हजर नसेल तिचं रान गेलं. म्हणजे मधलीचं ओढ्याकाठचं काळंभोर रान आता लिनेटचं. तिनं मनातल्या मनात तिथं घेवडा लावला होता, तोडला होता, शिजवून पोराला भरवलाही होता.

थोरली मध्ये पडेल ही भीती नव्हती. तिचं आणि मधलीचं वैर गावाला ठाऊक. एकदा मधलीच्या कोंबडीनं थोरलीच्या घरात अंडं घातलं, तर ते परत करायला थोरलीनं चार म्हातारे साक्षीला नेले होते. त्या दिवसापासून दोघींच्या कोंबड्याही एकमेकींना बघून मान फिरवायच्या.

पुढच्या अ‍ॅपनं सांगितलं, साठ टक्के पाऊस. अपोंडीनं विचारलं, म्हणजे कमरेपर्यंतच भिजायचं का? त्यानंतरच्या अ‍ॅपमधून एक बाई गोड आवाजात इंग्रजी बोलायला लागली. अपोंडी म्हणाली, हिला आधी बंद कर, या घरात चौथी नको.

ओबुया उठला. "ओकेचच्या आई, पुरे झाला खेळ. उद्या पेरायचं."

"पेरा की," अपोंडी म्हणाली. "मी कुठं हात धरलेत तुमचे? माझ्याआधी मूठ सोडायची छाती असेल तर आत्ता सोडा. बी कणगीत आहे."

ओबुयानं आभाळाकडं पाहिलं, पोराकडं पाहिलं आणि पुन्हा खुर्चीत बसला.

त्यानं आपल्या भावाला समजूत घालायला बोलावलं. अपोंडीनं दिराला मक्याच्या पिठाची उगाली आणि तळलेली मासळी वाढली, आणि त्यालाही अ‍ॅप शोधायला बसवलं. तो बोटं चाटत घरी गेला. कशाला आलो होतो ते त्याला वाटेत आठवलं.

शेवटी लिनेटला एक सापडलं. त्यात निळ्या पाण्यावरून बाण पळत होते.

"हे आपल्या कामाचं नाही अक्का. कोळ्यांचं आहे. नुसता वारा दाखवतं."

"सरोवरावरचा?"

"हो. लाल बाण म्हणजे मोठा वारा."

"हेच ठेव."

"यात पाऊस नाही."

"पाऊस मला डोळ्यांना दिसतो. वारा दिसतो का? वाऱ्यानं बी उडतं."

लिनेटला हसू आवरेना. मक्याचा दाणा केवढा, आणि तो म्हणे उडतो! पण म्हातारीनं एकदाचं अ‍ॅप निवडलं होतं. लाल बाण गेले की पेरायचं, असं लिनेटनं तिला मातीला हात लावून कबूल करायला लावलं.

बाण जाईनात. होड्या काठावर पालथ्या पडून राहिल्या. पलीकडून येणाऱ्या रस्त्यावरचा पूल पुरात गेला होता, त्यामुळं दुकानात साखरसुद्धा येत नव्हती. अपोंडी फोन मांडीवर घेऊन ओसरीत बसायची आणि कुणाला हात लावू द्यायची नाही. आता तिचं तिला सगळं जमायला लागलं होतं, अगदी नंबर लावणंसुद्धा. ओबुया ओरडला, तुझं थोरलेपण काढून घेईन.

"ते तुमच्या आईनं दिलं होतं," अपोंडी म्हणाली. "ती गेली. जा तिच्याकडं मागायला."

मग एका सकाळी फोनमधले बाण फिकट झाले आणि जागच्या जागी पेंगायला लागले. अपोंडीनं डोक्याला फडकं बांधलं आणि कुदळ उचलली. सगळं घर तिच्यामागं निघालं. ओबुयानं तर लग्नातला कोट चढवला होता.

आपल्या रानात अपोंडीनं पहिला खड्डा केला, दाणे टाकले, पायानं माती लोटली. मग दुसरा. मग कंबर धरून उभी राहिली. मग पाणी मागितलं. ते इतकं सावकाश प्यायली की ओबुयाला कोटात घाम फुटला.

"झालं ना अक्का?" लिनेट म्हणाली. तिच्या ओच्यात घेवड्याचं बी होतं आणि तोंड ओढ्याकडं. "मी जाऊ?"

अपोंडीनं तिचं मनगट धरलं. ती लिनेटकडं बघत नव्हती, खाली काठाकडं बघत होती. लिनेटनं वळून पाहिलं. एक होडी नुकतीच वाळूला लागली होती आणि गुडघ्यापर्यंत भिजलेली अविनो खांद्यावर कुदळ टाकून चढण चढत होती.

ती जवळ आली तशी अपोंडीनं आपल्याच बियाण्यातली मूठ काढून तिच्या ओल्या हातात ठेवली.

"आता मधलीची पाळी," ती म्हणाली.