बाविसावी ओळ

एकवीस ओळी होत्या आणि बाविसावी कुठेच नव्हती.

मृणालने फोनवर पुन्हा वरपासून शोधलं. क्रोशेचा फेसबुक ग्रुप, अकराशे बायका, सहा वर्षांचे नमुने, सगळे एकात एक गुंतलेले. ते बाळांच्या वयाप्रमाणे लावायचं काम ॲडमिन पूनमने तिच्यावर टाकलं होतं. "तू बी.एस्सी. आहेस, तुला जमेल. आणि अर्धवट असतील ते सरळ उडव गं."

ही कुंची अर्धवट होती. काशीदच्या कुणा कमळताईने ती दोन वर्षांपूर्वी टाकलेली, रोज एक ओळ आणि एक फोटो अशी. मृणालच्या मांडीवर होती तीही हीच कुंची. पिवळी लोकर, एकवीस ओळी. महिनाभर ती ग्रुपमधल्या कुणीतरी टाईप करून ठेवलेल्या कागदावरून विणत होती. मूळ पोस्ट आत्ता कुठे उघडत होती.

पडवीत सासूबाई, भागुबाई, सुकट निवडत बसल्या होत्या. "झाली का गो कुंची? परवा पालीला न्यायची हाय पोरीला. देवाच्या पायावर काय बोडकी घालशील?"

"एकच ओळ राहिलीय, आई."

"एका ओळीनं काय अडलंय? गाठ मार नि सोड."

मृणाल एकेक फोटो मोठा करून बघू लागली. लाल कोब्यावर ठेवलेली कुंची, आणि कडेला बाळाचं पाऊल. पायात चांदीचा वाळा. तिसऱ्या ओळीला होतं, नवव्या ओळीला होतं. सतराव्या ओळीला त्या पावलाने कुंचीलाच लाथ मारली होती, म्हणून फोटो हललेला. अठराव्या ओळीला कोबा नव्हता. हिरवी चादर होती, आणि चादरीच्या काठावर दवाखान्याचा शिक्का. एकोणीस, तीच चादर. विसाव्या ओळीला पाऊल होतं, पण वाळा काढलेला, आणि पट्टी.

एकविसावी ओळ प्लास्टिकच्या खुर्चीवर होती. नुसती कुंची. खाली लिहिलं होतं, "उद्या शेवटची."

त्याच्याखाली बायका. "ताई, उद्या कधीच गेला." "वाट बघून डोळे दुखले हो." आणि एक मोठी, नीट लिहिलेली कमेंट, शेवटी हसणारे तीन चेहरे: "ग्रुपचा नियम आहे, अर्धवट नमुने टाकू नयेत. जमत नसेल तर सुरूच कशाला करायचं?"

नावाशेजारचा फोटो मृणालचाच होता. लग्नानंतर मुरुडच्या किनाऱ्यावर काढलेला. असं काही लिहिल्याचं तिला आठवतसुद्धा नव्हतं.

आरोही चटईवर पालथी पडून लाकडी कालथा चोखत होती. आठ महिन्यांची. मृणालने तिच्या कपाळाला हात लावला. गार होतं. मग मानेला लावून बघितला.

उसवून टाकावी. विकतची टोपी घालावी परवा. तिने सुई काढली आणि दोरा चिमटीत धरला. एक हिसका दिला की पाच मिनिटांत नुसती लोकर. पण हिसका बसेना. आणि आहे तिथे गाठ मारून, त्या बाईचा हात थांबला त्याच ओळीवर थांबलेली कुंची पोरीच्या डोक्यावर चढवायची, तेही होईना.

तिने कमेंट पुसली. मग कमळताईला मेसेज लिहिला. "नमस्कार ताई. कुंचीची शेवटची ओळ मिळेल का?"

उत्तर लगेच आलं, जणू कुणी फोन हातात घेऊनच बसलं होतं.

"नियम सांगणाऱ्या तुम्हीच ना?"

"हो. मला माहीत नव्हतं, ताई. माफ करा."

"कसं माहीत असणार. मी लिहिलंच नाही कुणाला. बाळ केवढं तुमचं?"

"आठ महिन्यांची. मुलगी."

मग, "माझा नऊचा होता."

आणि त्यामागून वहीच्या पानाचा फोटो. निळ्या शाईत, ठळक अक्षरात: एक घर सोडून पाच खांब, मग एक घर सोडून मुका खांब, असे कंगोरे शेवटपर्यंत. दोन्ही टोकांना साठ साठ साखळ्यांच्या नाड्या.

मृणाल विणायला बसली. दोनदा चुकली, दोनदा उसवलं. पडवीतली सुकट निवडून झाली, भागुबाईंनी टोपली उचलून आत नेली. शेवटच्या नाडीची साठावी साखळी ओढून तिने दोरा कापला. कात्रीचा आवाज झाला तशी आरोहीने मान वर केली.

"घाल बघू," भागुबाई म्हणाल्या. "बसती का न्हाय ते तरी कळंल."

मृणालने कुंची हातात धरून ठेवली. फार वेळ धरली. भागुबाई तिच्याकडे बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "अगो, पोर वाट बघती."

तिने पोरीला मांडीवर घेतलं, कुंची चढवली, हनुवटीखाली सैल गाठ बांधली. बरोबर बसली. कंगोऱ्यांच्या आतून आरोही हसली, दोन दात दाखवून.

मृणालने फोटो काढला. मेसेजमध्ये जोडला, पण पाठवायचं बटण दाबवेना. अशा बाईला दाखवू नये, असं एक मन म्हणत होतं. आणि त्याच मनाची तिला लाजही वाटत होती. शेवटी तिने नुसतं विचारलं, "झाली, ताई. घातली. फोटो पाठवू?"

पलीकडून टाइप होताना दिसलं. थांबलं.

मग आलं, "आत्ता नको. तिला कुंची लहान झाली की पाठवा."