आत्याचा खांदा

उतरताना विमानानं बेडकासारख्या दोन उड्या मारल्या आणि तिसऱ्या खेपेला ते कसंबसं गवतावर टेकलं.

"काय गं हे?" पुढच्या खुर्चीतून आत्या बोलायच्या नळीत ओरडली. "दात तेवढे पडायचे राहिले माझे!"

"सॉरी, आत्या."

"मला नको म्हणूस. चाकांना म्हण."

विमान आजोबांनी घेतलेलं. लाकडी सांगाड्यावर कापड ताणलेलं, डोक्यावर छप्पर नाही, आणि एकामागे एक अशा दोनच खुर्च्या, दोन्हींपुढे विमान वरखाली करायचा एकेक दांडा. शिकवणाऱ्यानं पुढे बसायचं, शिकणाऱ्यानं मागे. आजोबांनी आत्याला तसंच शिकवलं आणि आत्या आता भाचीला शिकवत होती. भाचीला घरात सगळे मुंगी म्हणत. दोन उशा घेऊन बसल्याशिवाय तिला पुढचं काही दिसत नसे.

एरवी दोघी हसल्या असत्या. पण उद्यापासून आत्या विमान चालवण्याच्या किंवा शिकवण्याच्या वयात बसत नव्हती. नियम म्हणजे नियम. दुसरा कुठलाही शिक्षक असल्या जुन्या विमानात पाय ठेवायला तयार नव्हता. आज मुंगीनं एकटीनं विमान वर नेऊन खाली आणलं तर ते घरात राहणार, नाहीतर संग्रहालयवाले ते नेऊन छताला टांगणार. मुंगीच्या बाबांनी त्यांना तसा शब्दच देऊन ठेवला होता. उडवायला कुणी नसलेलं विमान घरात ठेवून काय करायचं, हे त्यांचं म्हणणं काही चुकीचं नव्हतं. म्हणूनच आत्याला त्याचा जास्त राग यायचा.

"परवापर्यंत अगदी अलगद टेकवत होतीस," आत्या म्हणाली. "आज काय भूत दिसलं का?"

मुंगी खालच्या उशा सारख्या करायला लागली.

"बोल की!"

"तू मफलर सारखा केलास ना, तेव्हा तुझा उजवा खांदा खाली गेला. मला वाटलं, झालं, आता दांडा ओढायचा."

आत्या गर्रकन वळायला गेली, पण पट्ट्यांमुळे अर्धीच वळली. "म्हणजे?"

मग सगळं बाहेर आलं. विमान जमिनीजवळ आलं की आत्याचा हात आपोआप दांड्याशी जायचा, आणि हाताबरोबर खांदा खाली यायचा. पहिल्या दिवसापासून मुंगी तो खांदा बघून विमान उतरवत होती. जमिनीकडे तिनं धड पाहिलंच नव्हतं.

हसावं की रडावं, आत्याला कळेना. आपली भाची कशी उपजतच तयार आहे, हे तिनं भेटेल त्याला सांगून झालं होतं.

"आजोबांच्या मागे बसलं की मला नुसती भिंत दिसायची," ती शेवटी म्हणाली. "एवढी पाठ होती त्यांची. झक मारत बाजूला वाकून जमीन बघायला लागायची." आणि तिनं पट्टे सोडले.

इंजिन चालूच होतं. आत्या पंखावर पाय देऊन खाली उतरली आणि रिकाम्या खुर्चीतले पट्टे दांड्यात अडकू नयेत म्हणून तिनं आवळून बांधले.

"आत्या, थांब ना! आणखी एक फेरी दोघी मारू."

"आणि परत माझ्याकडेच बघत बसशील."

"तू नसलीस तर कुणाकडे बघू?"

"बाजूला, खाली. गवताची पाती सुटी दिसायला लागली की हळूच ओढ. आणि ऐक, मी नाही म्हणजे ते हलकं होणार. वर पटकन जाईल. खाली यायला मात्र कंटाळा करेल. घाई करू नकोस. एक फेरी मार आणि इथे येऊन थांब."

मुंगीची चांगलीच तंतरली होती. ते दिसू नये म्हणून तिनं चष्मा ओढून डोळ्यांवर घेतला.

रोज हातानं पंखा फिरवून इंजिन सुरू करून देणारे मिस्त्री शेडच्या दारातून धावत आले. "बाई, असं उतरल्यावर तिला एकटीला सोडताय?"

"त्या उड्या माझ्या होत्या," आत्या म्हणाली.

विमान गवतावरून धावलं आणि खरंच पटकन वर गेलं. आत्यानं मफलरचं टोक मुठीत घट्ट धरलं.  सबंध फेरीभरात तिचं मनातल्या मनात बापापासून भावापर्यंत सगळ्यांशी भांडून झालं.

मग विमान झाडांवरून खाली यायला लागलं. खाली, आणखी खाली. आत्याचा खांदा आपोआप झुकला. "ओढ!" तिच्या तोंडून निघालंच.

मुंगीनं ओढलं नाही. हलकं झालेलं विमान गवतावरून तसंच सरकत राहिलं. आत्याला वाटलं, चुकलं, गेलं सगळं. मुंगीचं डोकं बाजूला वाकलेलं तिला इथूनही दिसत होतं. आणखी थोडं अंतर गेलं, आणि मग चाकं गवताला अशी लागली की कुठे लागली ते कळलंसुद्धा नाही.

आत्या हात पसरून पुढे धावली. पण विमान थांबायच्या ऐवजी इंजिनाचा आवाज वाढला, आणि ते तिच्यासमोरून परत वर निघून गेलं.

"तिला थांबायला सांगितलं होतं ना?" मिस्त्रींनी विचारलं.

"सांगितलं होतं."

विमान वळून दोघांच्या डोक्यावरून गेलं. इतकी वर्षं आत्या त्याच्या आत बसत आली होती. खालून ते असं कधी तिनं निरखून पाहिलंच नव्हतं. तेलाचे काळे ओघळ पोटावरून पार शेपटीपर्यंत गेले होते.

"केवढं मळलंय हे!" ती म्हणाली. "मिस्त्री, उद्या बादल्या काढून ठेवा."